लाल करंटच्या गोळीच्या अर्काची बाटली सोमवारी नष्ट न करण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
परदेशी पार्सल तपासणी कार्यालय,
ओल्शानो.

विषय: इंग्लंडहून आलेली अर्काची बाटली चुकीच्या पद्धतीने तपासून नापास केल्याबद्दल, व ती नष्ट न करण्याबद्दल विनंती.

संदर्भ: आपले दि. ५ एप्रिलचे पत्र, पार्सल क्र. ४४१७.

महोदय,

१. मी, बोझेना व्येल्गोश, वय ७२, आपल्या गावातील बंद पडलेल्या गोळ्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षे चव-परीक्षक होते. लाल करंट या आंबट फळाची चघळायची गोळी माझ्या जिभेवरून पास झाल्याशिवाय डब्यात जात नसे. हे बढाई म्हणून लिहीत नाही. पुढील मुद्दा कळावा म्हणून लिहीत आहे.

२. माझे पती झेनॉन चाळीस वर्षे दिवसाला दोन पाकिटे सिगारेट ओढत होते. गेल्या नाताळाआधी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यापुढे एक सिगारेट ओढलीत तरी मला तोंड दाखवू नका." तेव्हापासून ते व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी वाफेची सिगारेट, वापरतात आणि त्यात घालायचे लिक्विड मी घरी बनवते. दुकानातले एकतीस फ्लेवर मी रीतसर तपासले. वही सोबत जोडली आहे. क्र. ९: साबण. क्र. १४: खोकल्याचे औषध. क्र. २३ ओढून झेनॉन म्हणाले, "अगं, हा तर संडास धुतल्याचा वास!" दर फ्लेवरमागे ते चिडून खाली सिगारेटच्या टपरीकडे निघत आणि मी त्यांचे बूट लपवून ठेवत असे.

३. बत्तिसावा अर्क आमच्या कारखान्याच्या जुन्या रसायनतज्ज्ञ याद्विगाबाईंनी बनवला. त्या आता मुलीकडे लीड्सला असतात. नमुन्याची छोटी कुपी फेब्रुवारीत आली. मी तो अर्क शंभराला सात या प्रमाणात ग्लिसरीनमध्ये मिसळला, रोज हलवला, पंधरा दिवस कपाटात झेनॉनच्या लोकरी मोज्यात घालून अंधारात मुरवला आणि मग त्यांना दिला. त्यांनी एक झुरका घेतला. मग म्हणाले, "बोझेना, कारखान्याच्या फाटकाशी तुझी वाट बघत उभा आहे असं वाटलं गं." मी रोज पाळी सुटल्यावर त्यांच्या तोंडात एक गोळी टाकत असे, महोदय. आमचे लग्न त्याच फाटकाशी ठरले. त्या दिवसापासून सहा आठवडे त्यांनी टपरीचे नाव काढले नाही. ते लिक्विड मार्चअखेर संपले, आणि याद्विगाबाईंनी पाठवलेली मोठी बाटली आपल्या कार्यालयात अडकली.

४. आता आपल्या अहवालाविषयी. त्यात लिहिले आहे: "बाटली उघडून वास घेतला. वास उग्र, नखांचा रंग पुसायच्या द्रवासारखा. खाद्य फ्लेवर वाटत नाही. नष्ट करावे." महोदय, न मिसळलेला अर्क थेट नाकाला लावला तर जगातला कुठलाही फ्लेवर असाच वास मारतो! आमच्याकडे नवीन आलेल्या मुली पहिल्या दिवशी हीच चूक करत. त्यांना आम्ही हसत असू, पण त्यांच्या हुकमाने कोणाचे काही नष्ट होत नसे.

५. मी सोमवारी, दि. ८ रोजी, स्वतः खिडकीवर आले. अहवाल लिहिणारे श्री. ड्रोझ्द म्हणाले, "बाई, मला नाक आहे की!" मी म्हटले, "आहे, पण ते सिगारेटीने भाजलंय." त्यांच्या अहवालाच्या कागदालासुद्धा तंबाखूचा वास येतो; कृपया स्वतः हुंगून पाहावे. त्यावर ते म्हणाले, "रांग अडवू नका. दुसरी मागवा." दुसरी कुठून मागवू? या हिवाळ्यातल्या आजारपणात याद्विगाबाईंचे नाक कायमचे गेले. त्यांना आता जळलेले दूधही कळत नाही. ही बाटली त्यांच्या हातची शेवटची आहे. हे मी खिडकीवर सांगितले तेव्हा माझा आवाज चढला, हे मला मान्य आहे. श्री. ड्रोझ्द यांना मी "ठोंब्या" म्हटले, तेही मान्य आहे. तो शब्द मी परत घेते. नाकाबद्दलचे परत घेत नाही.

६. म्हणून विनंती की, बाटली सोमवारी दि. १५ रोजी नष्ट करू नये. तिची फेरतपासणी माझ्यासमोर व्हावी. ग्लिसरीन आणि काचेची नळी मी घेऊन येईन; मोजा सोबत जोडला आहे. मिश्रण पंधरा दिवस आपल्या कपाटात ठेवावे व आपण स्वतः रोज सकाळी हलवावे. परीक्षकाने त्या दिवशी सिगारेट ओढू नये, लसणीचे सॉसेज व लोणच्याची काकडी खाऊ नये, आधी कोरडा पाव खाऊन पाणी प्यावे. मी रोज येऊन हलवायलाही तयार आहे. तेही जमत नसेल तर बाटलीतले सात थेंब तरी मला द्यावेत. सात! दहा दिवस मी त्यावर काढीन, तोवर काहीतरी सुचेल.

७. नियमांच्या आड मला यायचे नाही. परंतु सोमवारी मी रिकाम्या हाताने घरी गेले तेव्हा झेनॉन बूट घालून खाली गेले. मी बूट लपवायला विसरले होते. ते सिगारेटचे पाकीट घेऊन आले, टेबलावर पावाशेजारी ठेवले आणि म्हणाले, "येत्या सोमवारी बाटली आली तर हे तू शेगडीत टाक. नाही आली तर मला एक शब्द बोलायचा नाही." आज सकाळी पाहते तो एक सिगारेट त्यांच्या ओठांत. "पेटवली नाहीये गं, नुसती धरलीय," म्हणाले. मला भीती वाटते, महोदय. या अर्जात दुसरे खरे कारण काही नाही.

आपली नम्र, व निर्णय होईपर्यंत आपल्याच बाकावर बसलेली,

बोझेना व्येल्गोश
ओल्शानो, गुरुवार, दि. ११ एप्रिल

सोबत:
१. एकतीस फ्लेवरच्या तपासणीची वही.
२. डॉक्टरीणबाईंच्या पत्राची प्रत.
३. लोकरी मोजा, एक, धुतलेला.
४. सिगारेट, एक, न पेटवलेली, आज सकाळी पतीच्या ओठांतून काढलेली. पाकिटातल्या बाकीच्या एकोणीस त्यांच्या कोटाच्या खिशात आहेत. त्या ते मला देत नाहीत.