आईच्या खोलीत, वडिलांसह, कोणासही न सोडण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पांझराकाठ रुग्णालय,
देवपूर, धुळे.

अर्जदार : प्रियल सुगनचंद बेदमुथा, रा. जामनेर, जि. जळगाव.

विषय : खोली क्र. ७ मधील रुग्ण लाडकुंवर (अर्जदाराची आई) यांच्या भेटी तातडीने बंद करणेबाबत.

संदर्भ : भेटीच्या वेळेची आपली पाटी, जी कोणी वाचत नाही.

महोदय,

१. या प्रकरणात अर्जदाराच्या वडिलांना काय मिळणार होते, ते आधी नमूद करते. अर्जदारासाठी जळगावचे स्थळ. मुलगा सीए, एकुलता एक, आणि बोलणी सुपारीपर्यंत आलेली. त्यामुळे होणाऱ्या सासूबाईंना दारात अडवण्याची वडिलांची छाती झाली नाही.

२. आईला अर्जदाराचा भाऊ रोनक याच्या यकृताचा भाग मुंबईत बसवला. शरीराने तो नाकारू नये म्हणून तिची प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम कमी ठेवलेली आहे. पुढील उपचारांसाठी ती आपल्याकडे दाखल आहे.

३. आमच्याकडचा माणूस धुळ्याला येऊन एकाच आजाऱ्याला भेटत नाही. आलोच आहोत तर ओळखीचे सगळे आजारी उरकतो. गेल्या रविवारी सासूबाईंनी आधी तळमजल्यावर दाखल असलेल्या, त्यांच्या शेजारच्या निंबा आबांच्या पायाची चिघळलेली जखम पट्टी सरकवून पाहिली. मानाची भेट शेवटी, म्हणून मग आईकडे आल्या, पलंगावर बसल्या आणि स्वहस्ते पेढा भरवू लागल्या. आई म्हणाली, "आधी हात धुता का?" वडील हसून म्हणाले, "अगं, घरचीच माणसं आहेत!" निघताना मात्र सासूबाईंनी जिन्याजवळच्या बेसिनवर दोनदा साबण लावला. महोदय, आपल्याकडे हात धुवून सगळे घरी जातात. धुवून आत कोणी येत नाही.

४. मंगळवारपासून आईला ताप आहे. रक्तात रुग्णालयांतच फोफावणारा जंतू निघाला असून नेहमीची औषधे त्याला जुमानत नाहीत. तो कोणाच्या हातून आला हे सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून अर्जदारही तो कोणाच्या नावे टाकत नाही. परंतु नवे यकृत धोक्यात आहे, आणि उद्या तेच पाहुणे आमच्या नात्यातल्या आणखी बारा जणांना घेऊन येणार आहेत. "या ना, सगळेच या," असे वडिलांनी फोनवर सांगितलेले अर्जदाराने स्वतः ऐकले आहे.

५. सबब, दाराशी पहारा बसवावा. हात धुतल्याशिवाय डॉक्टरसाहेबांनाही आत सोडू नये. वडील येऊन "मी तिचा नवरा आहे" म्हणतील. ते खरे आहे. तरी सोडू नये.

६. आपला आदेश निघेपर्यंत रविवार उजाडेल, म्हणून अर्जदाराने आज सकाळी जळगावला फोन करून "येऊ नका" असे कळवले. "आम्हाला काय रोग झालाय का?" असे विचारून त्यांनी स्थळ मागे घेतले. नात्यातल्या बारा जणांना मात्र वडिलांनी अजून नको म्हटलेले नाही. स्थळ मोडले तरी ते उद्या येणारच आहेत.

७. एकंदरीत, रोनकने यकृत दिले, आईने ताप घेतला, अर्जदाराने स्थळ दिले. वडिलांनी भीड तेवढी राखली. आमच्या घरातून देण्यासारखे आता काही उरलेले नाही. आपल्याकडून फक्त एक कुलूप हवे आहे.

खोली क्र. ७ च्या दाराला पाठ लावून उभी,
आपली नम्र,
(सही)
प्रियल सुगनचंद बेदमुथा
धुळे, शनिवार, दि. १४ जून २०२५

सोबत : रक्ततपासणीच्या अहवालाची प्रत.