बसून चालवायची फोर्कलिफ्ट

सातिवली, वसई (पूर्व)

तीर्थस्वरूप ॲन्सेल्ममामांना भाचा फर्डिनंडचा जय ख्रिस्त.

तुमचा गुडघा कसा आहे? उर्सुलामामींची तब्येत विचारत नाही, कारण परवा फोनवर त्यांचा आवाज चांगला ठणठणीत होता (हे वाक्य विसरा). आम्ही सगळे मजेत आहोत. गोदीत तीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवलेल्या सख्ख्या मामाला न विचारता भाच्याने फोर्कलिफ्ट घेतली, म्हणून तुम्ही वटारच्या घरी रुसून बसला आहात असं कळलं. रुसणं रास्तच आहे, पण आधी हकिकत ऐका.

आपल्या लाद्या-कमोडच्या गोदामात माल वाढला, तेव्हा आठवडाभर डिझेलवरची भाड्याने आणली. ताकदीला तोड नाही, पण बंद गाळ्यात धूर असा की चौथ्या दिवशी पांढरे कमोड राखाडी झाले. (विरारच्या एका गृहस्थांना नेमका तोच रंग आवडला. आणखी दोन मागत होते, पण ऑफिस सांभाळणाऱ्या आमच्या सौ. क्लेमेंटीनने स्टॉक संपल्याचं सांगितलं.) मग बॅटरीवरची, उभ्याने चालवायची आणून पाहिली. अंगाने बारीक, रॅकमधल्या अरुंद वाटेतही जागच्या जागी वळते. विकणारा खूश, क्लेमेंटीन खूश. मीच अडून बसलो की बॅटरीवरची ठीक, पण बसून चालवायचीच हवी. तिला वळायला वाट रुंद लागते, म्हणून रॅकची अख्खी ओळ हलवली, आणि त्या ओळीला जागा म्हणून क्लेमेंटीनची केबिन पाडली. दोन दिवस ती माझ्याशी फक्त कुरिअरविषयी बोलली. आता तिचं टेबल शटरजवळ आलंय, वारा लागतो, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बातम्या कळतात. ती सुखात आहे, फक्त मला कळू देत नाही.

गाडी आल्यावर पहिली फेरी मीच मारली. हिची मागची चाकं वळतात, हे तुम्ही माझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितलं होतं. "अरे बाबा, समोर काय बघतोस, शेपटीकडे बघ!" मला ते आठवलं तीन बेसिन फुटल्यावर. तेव्हापासून गाडी चादर पांघरून उभी आहे आणि ट्रक आला की आम्ही हातांनीच माल उतरवतो. बाकी सगळं छान.

तुमचा लाडका (अजूनही?)
फर्डिनंड

ता. क. खरं कारण आता लिहितो. उभ्याने तुमचा गुडघा संध्याकाळपर्यंत टिकला नसता, म्हणून खुर्ची. चढायची पायरीही बुटकी बघून घेतली आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही उभ्याचीच घ्यायला लावली असती (आणि गोदामाला तीच बरोबर होती), म्हणून विचारलं नाही. मला दुसरा कुणी ड्रायव्हर नको, मामा. सोमवारी नऊला या आणि येताच आमच्यावर ओरडायला सुरुवात करा.

ता. क. पुन्हा: मामींना यातलं काही ठाऊक नाही. निवृत्त झाल्यापासून तुम्ही स्वयंपाकघरातले डबे जड खाली, हलके वर असे रचता आणि मामी ओट्यापासून मागे सरकल्या की त्यांना हॉर्न द्यायला सांगता, असं त्या मला मुळीच म्हणाल्या नाहीत. तुमच्यासाठी तीनपुडी डबा मात्र त्यांनी आमची फोर्कलिफ्ट यायच्या आधीच आणून ठेवला होता.