साडेचारशे वॅटची पेटी

आबा,

तुम्ही कंपनीच्या ऑफिसातून जुना म्हणून आणलेला कॉम्प्युटर अजून तुमच्याच टेबलावर आहे. आतलं बरंचसं मी बदललं, पण त्याला वीज पुरवणारी पेटी, एसएमपीएस, तुमच्या वेळचीच राहिली. काल ती बाहेर ओढून खिडकीच्या उजेडात धरली. ठळक अक्षरांत साडेचारशे वॅट लिहिलंय आणि खाली बारीक तक्ता आहे. मी पुण्याच्या एका ऑफिससाठी घरी बसून बंगल्यांची चित्रं करते. लोणावळ्याजवळ आपल्या औंढ्याच्या आसपास डोंगरउतारावर जे बंगले व्हायचेत, ते बांधण्याआधीच बांधल्यासारखे दाखवायचे. आता ऑफिसनं मोठं काम देऊ केलं, त्यासाठी चित्रं झरझर तयार करणारं, त्यांच्याकडचं वापरलेलं ग्राफिक्स कार्डही दिलं, आणि सांगितलं की सोमवारी सकाळी पहिली चित्रं आली तर काम घरून, नाहीतर पुण्याला येऊन बसायचं. पुण्याला गेले तर आईजवळ कोण? तिची फुफ्फुसं थकलीत. आतल्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालतं आणि नाकातली नळी काढून तिला न्हाणीपर्यंतही जाववत नाही. जुन्या पेटीला कार्ड झेपलं नाही आणि घराची लाईन उडाली, तर ते मशीनही बंद पडणार. म्हणून तपासत होते.

तपासायचं कसं, ते शाळेच्याही आधी तुमच्याकडून शिकले. तुम्ही कंपनीत वायरमनची रात्रपाळी करून आला आहात, डोळे लाल आहेत. ओट्यावर मिक्सर उलटा करून ठेवता आणि म्हणता, वाच. परातीतल्या पिठात बोटानं व्होल्ट आणि अँपिअर मांडता, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट. आई भाकरी थापायची थांबली आहे, म्हणते आहे की पोरीला आधी खाऊ द्या, पिठावर कसला हिशेब. मला घाई आहे, म्हणून मी मिक्सरच्या खोक्यावरचा मोठा आकडा वाचून टाकते. तुम्ही मारत नाही. नुसतं खोकं दाराबाहेर भिरकावता. "मोठ्या अक्षरात इकणारा बोलतो, बारीक अक्षरात बनवणारा. तुला कुनाचं ऐकायचंय?" मी रडले. भाकरी तुम्ही मला तुमच्या ताटातली दिलीत, पण मिक्सर सरळ केला नाही. आकडा बरोबर येईपर्यंत तो तसाच उताणा पडून होता.

तर मी बारीक अक्षरांचं ऐकलं. कार्ड चालतं बारा व्होल्टवर, आणि त्या रकान्यात फक्त सोळा अँपिअर आहेत. बारा गुणिले सोळा, एकशे ब्याण्णव. साडेचारशेतलं खरं उपयोगाचं एवढंच. कार्ड एकटंच दीडशेच्या वर मागतं, प्रोसेसर आणखी साठ-पासष्ट, पंखे आणि डिस्क वेगळ्या. वर कार्डाला जी स्वतंत्र वायर लागते ती या पेटीला नाहीच. मी पुन्हा पुन्हा गुणाकार केला, मोठ्यानं केला, जणू आपण परत म्हटल्यानं आकडा दयेनं वाढेल. मग लोणावळ्याच्या बाजारातल्या दुकानात गेले. चांगली पेटी मागवावी लागेल, मंगळवारशिवाय येणार नाही, असं दुकानदार म्हणाला. तोवर हे लावा म्हणून त्यानं पेटीच्या दुसऱ्या वायरींतून कार्डाला वीज देणारी जोडवायर दिली. मी तक्ता दाखवला तर हसला. "ताई, तुम्ही भाजीत मीठपण मोजून घालता का? साडेचारशे लिहिलंय ना, मग चालतंय." न चालल्यास काय, हे विचारेपर्यंत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला होता.

आज, रविवारी दुपारी मी ती जोडवायर लावली. कार्ड बसवलं, झाकण उघडंच ठेवलं. दोनच दिवसांचा प्रश्न आहे, मंगळवारी बदलूच, असं म्हणत बटणावर बोट ठेवलं, आणि आतल्या खोलीतली मशीनची घरघर थांबली. वाटलं, लाईट गेली. पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. आत धावले. आई खाटेच्या कडेला बसली होती, नळी नाकातच, हात भिंतीवरच्या बटणाशी आणि ओठ जांभळट. मी मशीन चालू केलं आणि तिची पाठ धरून बसले. श्वास लागल्यावर ती हळूहळू म्हणाली, "मोटार लावताना न्हाई का आपन समदं बंद करायचो? कालधरनं ऐकते, तुज्या यंत्राला वीज कमी पडतीया. म्हनलं, तुजं सुरू हुईस्तवर माजं थांबवावं."

तुम्ही मळ्यातल्या विहिरीवरून हाक द्यायचात आणि आम्ही दोघी धावत दिवे, टीव्ही, मिक्सर बंद करायचो, तेव्हा कुठं कमी दाबाच्या विजेवर मोटार उचलायची. तिनं तेच केलं होतं. कमी पडत होती ती पेटी, घरातली वीज नव्हे, हे मी तिला समजावलं नाही. कार्ड काढलं आणि ऑफिसला फोन केला. चित्रं मंगळवारनंतरच देता येतील, असं मी म्हणाले. तिकडचे सर ओरडले नाहीत. काम दुसऱ्याला देतो, तुम्ही पुण्याला आलात तर बघू, एवढंच बोलले. मी येऊ शकत नाही म्हटलं. आईनं सगळं ऐकलं आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. अजून तशीच आहे.

आबा, तुमच्या दहाव्याला कंपनीचा एक साहेब पडवीत बसून म्हणाला होता की यांनी टेस्टर न लावताच वायरला हात घातला, म्हणून शॉक लागून गेले. तेव्हापासून मी गावात सगळ्यांना सांगत आले की तो खोटं बोलतो, कंपनीची चूक झाकतो, आमचे आबा तपासल्याशिवाय हात लावणाऱ्यातले नव्हते. आज आकडा पाठ होता, तरी माझं बोट बटणावर होतं. मला सोमवारची घाई होती. तुम्हाला त्या दिवशी कशाची होती, कुणास ठाऊक. साहेब खोटारडा होता, असं मी आईला यापुढंही सांगेन. तुम्हाला हे वाचता येणार नाही, म्हणूनच लिहिते, की मला स्वतःला आता त्याची खात्री उरलेली नाही.