रंगांच्या यादीत गेलेले एकशे त्रेचाळीस नातेवाईक

भवानी पेठ, सोलापूर
मंगळवार

तीर्थरूप महादेवीअक्का हिच्या पायांशी,

धाकट्या सोमूचे शरणु शरणार्थ. तुझे गुडघे कसे आहेत? विजापूरला ऊन चढलं असेल, भर दुपारी शेंगा वाळत घालायला गच्चीवर जाऊ नकोस. दाजींची रक्तातली साखर या खेपेला किती निघाली? इकडे सिद्धेश्वरी बरी आहे, पूनम बरी आहे, मी मात्र बरा नाही. चार दिवसांत तुला एकवीस फोन केले. तू एकही उचलला नाहीस. बाविसावा तुझ्या अभिमन्यूनं उचलला आणि म्हणाला, "मामा, आई म्हणती ती घरात न्हाय." (मागून तुझा खोकला ऐकू येत होता.) तुझ्या सख्ख्या भाचीच्या, पूनमच्या साखरपुड्याला तू येणार नाहीस, असंही त्यानंच सांगितलं. तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. (रात्रीचा. दुपारचा डबा उतरतो, खोटं कशाला सांगू?) म्हणून शेवटी हे पत्र. चिडून फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

झालं ते पहिल्यापासून सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी ऑर्डरी घेतो हे तुला ठाऊकच आहे. तीस वर्षं व्यापाऱ्यांचे फोन आले, मी वहीत लिहिलं, टॉवेल गेले, कुणाचं काही अडलं नाही. पण मालक प्रभुशेठ यांच्या व्याह्यांनी आपल्या कारखान्यात सॉफ्टवेअर घेतलं आणि मग आमच्या शेठनाही चैन पडेना. आता व्यापारी आपापल्या मोबाइलवर फॉर्म उघडतो आणि स्वतःच ऑर्डर भरतो. त्यात रंगाची एक चौकट आहे. तिच्यावर बोट ठेवलं की खाली सगळ्या रंगांची नावं उलगडतात, त्यातलं एक निवडायचं. याला ड्रॉपडाऊन म्हणतात. ही नावं आत घालायचं काम शेठनी माझ्यावर टाकलं. मी एकेक नाव घालत बसलो. सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत नऊ रंग झाले. आमचे रंग आहेत एकशे अठरा. मग सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी सांगितलं की एका ओळीत एक अशी सगळी यादी तयार करा आणि एकदम चिकटवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. अक्का, ते खरोखरच अर्ध्या मिनिटाचं काम होतं. घात त्यानंच झाला.

आता आमच्याकडच्या रंगांची गोष्ट तुला माहीत आहे. आमच्यात मरून, नेव्ही ब्ल्यू असलं काही नाही. नवीन रंग बसवायचा असला की पॅकिंगमधली एखादी बाई आपल्या नाहीतर घरातल्या कुणाच्या लुगड्याचा काठ दाखवते, रंगखात्यात तसाच रंग काढतात, आणि ज्या बाईचं लुगडं तिचं नाव रंगाला पडतं. बसव्वा म्हणजे पोपटी. थोरली सोनम म्हणजे डाळिंबी, धाकटी सोनम म्हणजे तीच जरा फिकी. तूही त्यात बावीस वर्षं आहेस, तुझ्या डोहाळजेवणाच्या जुन्या पातळाचा तो वांगी रंग. तर अशी ही एकशे अठरा माणसांची यादी मी मोबाइलमध्ये लिहिली. त्याच मोबाइलमध्ये, त्याच जागी, पूनमच्या साखरपुड्याच्या पाहुण्यांची यादीही लिहिलेली होती. तीही एका ओळीत एक. दोन्ही याद्यांना मी नाव दिलं होतं, 'नावे'. आता तूच सांग, यात माझी चूक किती आणि नशिबाची किती? (प्रभुशेठनी सगळी माझीच धरली.)

चहाच्या सुट्टीपर्यंत आपले एकशे त्रेचाळीस नातेवाईक टॉवेलचे रंग होऊन सगळ्या व्यापाऱ्यांच्या मोबाइलवर गेले होते, आणि नुसते नाही, मी कंसात लिहिलेल्या खुणांसकट. 'बिरुदेव (चहा घेतो, जेवत नाही)'. 'म्हाळसाबाई (गोड चालत नाही)'. लातूरच्या व्यापाऱ्यानं फोन करून विचारलं की म्हाळसाबाई धुण्यात सुटते का. मी सवयीनं सांगितलं, अजिबात नाही, पक्की आहे. उदगीरच्या एकानं 'गौरम्मा (सोबत चार पोरं)' पाहिलं आणि त्याला वाटलं हा सेट आहे, एक मोठा टॉवेल आणि चार नॅपकिन. त्यानं पन्नास सेट मागवले. आधी बसव्वाच्या लक्षात आलं. ती पॅकिंगमधून ऑर्डरीचा कागद नाचवत आली आणि म्हणाली, "सायेब, म्हाळसाबाई ह्यो कुटला रंग वो? ही तर तुमची मावशी हाय की!"

मी काढायला बसलो. घालताना सगळी माणसं एकदम घालता येतात, काढताना मात्र एकेकच काढावं लागतं, आणि दर खेपेला सॉफ्टवेअर विचारतं, 'नक्की काढायचं?' गौरम्माला काढताना मला वाईट वाटलं. बिरुदेवला काढताना नाही वाटलं. तुझ्या नावाशी आलो आणि माझं बोटच पुढं होईना. तेवढ्या वेळात तिकडे अभिमन्यूनं आपल्या दुकानासाठी टॉवेल मागवायला फॉर्म उघडला आणि तुला वाचून दाखवलं: 'महादेवीअक्का (सगळ्यात शेवटी कळवणे)'.

अक्का, हे मी तुझ्या भावजयीवर, सिद्धेश्वरीवर ढकलणार नाही. मीच लिहिलं, माझ्याच बोटानं. वास्तुशांतीला तुला पहिल्यांदा कळवलं होतं. तू अकरा दिवस आधी आलीस, आचारी बदललास, हुग्गीच्या खिरीतला गूळ दोनदा वाढवलास आणि पूजेला आलेल्या स्वामींना दाराची दिशा चुकली म्हणून सुनावलंस. (दिशा चुकलीच होती, ते मान्य.) तुला नाही म्हणणं मला जमत नाही. चौपन्न वर्षांचा झालो, तरी तू दारात आलीस की मी चप्पल नीट लावून ठेवतो. म्हणून म्हटलं, आचारी ठरू दे, साडी ठरू दे, सगळं ठरलं की मग तुला सांगू. यात तुला टाळायचं नव्हतं. पण तुला वाचताना काय वाटलं असेल ते मला कळतं, आणि त्याची मला लाज वाटते. आई गेल्यावर माझ्या डोक्याला तेल लावून तू मला शाळेत पाठवत होतीस. तुझं नाव शेवटी लिहिणारा मी कोण? पूनमला पहिलं कुंकू आत्यानं लावायचं ही आपल्या घरची रीत आहे, आणि ते कुंकू दुसऱ्या कुणी लावलेलं मला बघवणार नाही. साखरपुडा येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी आहे.

दाजींना शरणार्थ सांग. अभिमन्यूला म्हणावं, तुझ्या ऑर्डरीचे टॉवेल निघाले. राग धरलास तरी गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
सोमू

ता. क. आलीस तर दोन दिवस आधी ये, फार तर तीन. आचारी ठरला आहे आणि तो जरा तापट आहे.

ता. क. २ वरचं ता. क. रद्द समज. खरं काम राहूनच गेलं. त्या गडबडीत मी मोबाइलमधली पाहुण्यांची यादीही पुसून टाकली. आता एकशे त्रेचाळीस माणसं मला कुठून आठवणार? मला सत्तावीस आठवली, त्यातली दोन वारलेली निघाली. कोण कुणाचा मेहुणा आणि कुणाशी कुणाचं बोलणं नाही, हे आपल्या घराण्यात एकट्या तुलाच पाठ आहे. तेव्हा मानपान बाजूला ठेव आणि निव्वळ यादीच्या कामासाठी म्हणून पत्र मिळेल त्याच दिवशीच्या गाडीनं निघ. आचाऱ्याचं मी बघतो.

ता. क. ३ आत्या, मी पूनम. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यादी हरवलेली नाही. ती माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि हे बाबांना माहीत आहे. काल त्यांनी माझ्याकडून ती दोनदा वाचून घेतली. त्यांना तुला नुसतं 'ये' म्हणायला जमत नाही, काहीतरी काम काढावं लागतं. मला जमतं. ये.