खरवडलेले चेहरे

२ जून २००३
वर्ध्याचा माणूस आणि नारायण पेठेत एसी ऑफिस, काय बाप्पा थाट! जुन्या सिनेमांवरचे ओरखडे कॉम्प्युटरवर एकेका चित्रातून पुसायचे, हे काम. मालकीण राजनंदिनी मॅडम. वर्ध्यात कॉम्प्युटर बसून वापरतात की उभ्यानं, असं त्यांनी विचारलं. बसूनच, म्हटलं. खोली मिळालीये, गॅस नाही, स्टोव्हवर भागतंय. पंधराला उत्कर्षा येईल. नवं लग्न, करमत नाही तिच्याशिवाय.

४ जून
लंडनचे फिल्म संग्रहालयवाले इतकी वर्षं हरवला म्हणत होते तो १९३१चा इंग्रजी बोलका विनोदपट कॅम्पातल्या एका बंगल्याच्या माळ्यावर सापडला. साफ करायला आमच्याकडे आलाय. एक जाडी घरमालकीण ताट घेऊन जिन्यावरून गडगडते. मागे माणसं खो खो हसतात, दिसत मात्र कुणीच नाही. प्रत्येक चित्रात कुणीतरी तिचा चेहरा सुईनं खरवडलाय. मॅडम म्हणाल्या, उरलेल्या रेषा जोडून उभा करा.

९ जून
चेहरा उभा राहिला, तो थेट मॅडमचा. सगळ्यांनी पाहिलं, हसून हसून पुरेवाट झाली. मॅडमही हसल्या आणि पेढे आणायला गेल्या.
पेढे घेऊन वर येताना जिन्यावर पाय घसरला. मान मोडून जागीच गेल्या. आम्ही कठडा धरून हसत होतो. लाज वाटते. थांबवताच येईना.

१२ जून
मॅडमच्या नवऱ्यासमोर हसलो. त्यानं मुस्कटात मारली. बरंच केलं.
दुसऱ्या रिळात स्वयंपाकघर आहे. नव्या नवरीच्या झग्याला आग लागते, विझवायला नवरा फुंकर मारतो, आग भडकते. तिचाही चेहरा खरवडलेला. हात लावायचा नाही, ठरलं.

१४ जून
लावला. कुणाचा ते कळल्याशिवाय राहवेना. नाक झालं. मग हनुवटीवर तीळ—
उत्कर्षा.
पुसायला गेलो, पुसला जाईना. येऊ नको म्हणून फोन केला. हसत हसतच सांगितलं. तिला गंमत वाटली.

१५ जून
आली. स्टोव्ह पेटवू नको म्हणायला गेलो, तोंडातून नुसतं हसू. हिसकायला गेलो तर हसून गुडघेच टेकले. चेष्टा पुरे, म्हणाली. रुसून पाठ केली, पोहे करतेय—
हात अजून ऐकतोय. लिहून दाखवतो—
उत्कर्षा, मागं हो. पदर—
पदर पेट—
ओठांचा चंबू होतोय माझ्या. नको. फुंकर न—