कोपरा गळंल, अण्णा

अण्णा, वयानं मी आता तुमच्यापेक्षा मोठी झाले. तरी तुम्हाला आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

तेरणेचं पाणी दोनदा गावात शिरलं, तेव्हा निजाम सरकारनं नदीकाठची घरं विकत घ्यायचं ठरवलं. मुआवजा म्हणून पैसे मिळाले, वर माळावर जागा मिळाली. अट एकच, पावसाळ्याआधी जुनं घर आपल्या हातानं पाडायचं. तुम्ही अंगठा उठवलात आणि माळावर आल्यापासून बोलणंच टाकलंत. आई म्हणायची, "तुज्या बापाची जीभ खालीच राह्यली." मला तेव्हा हसू यायचं.

आणि मग मृगाच्या तोंडावर, दर सालासारखे, तुम्ही खोरं घेऊन खाली निघालात. माळवदावर, त्या सपाट मातीच्या छतावर, पावसात गळू नये म्हणून पांढरी माती टाकायला. पाडायच्या घरावर! मी शिडीवरून टोपल्या देते आहे, तुम्ही माती पसरून पायानं दाबता आहात आणि चक्क माझी थट्टा करता आहात, "माती भरतीस का मोती वेचतीस गं?" कितीतरी दिवसांनी तुम्ही माझे अण्णा झाला होतात. तेवढ्यात पाहणीला सरकारी गिरदावर आला. "अरे बाबा, घर सरकारचं झालं. तोडायचं सोडून वर माती कशाला?" तुम्ही वरूनच म्हणालात, "सरकारचं झालं म्हनून गळू द्यायचं व्हय, साहेब?" आठ दिवसांची मुदत देऊन तो गेला.

मुदतीच्या आतच पाऊस लागला. कुठं गळतंय का ते बघायला तुम्ही खाली गेलात. नदीनं भिंती पायातून भिजवल्या, त्यांना वरचं ओझं पेललं नाही. पाणी उतरल्यावर तुम्हाला मी दिलेल्या मातीखालून काढलं. आता माझ्या घरावर स्लॅब आहे, थेंब गळत नाही. तरी पाऊस लागला की मी उठून अंगणात भिजत उभी राहते. छताखाली जीव राहत नाही, अण्णा. कधीच राहिला नाही.

आई मरेपर्यंत सरकारला शिव्या देत होती. मी गप्प ऐकायचे. तिच्या हाती लागेल म्हणून हे कधी लिहिलं नाही, आता ती नाही, आणि हा कागदही चुलीतच जायचा आहे. गिरदावर गेल्यावर तुम्ही खोरं टेकवून विचारलं होतं, "आता बास करू का गं?" वर माळावर गेलं की तुम्ही पुन्हा मुके होणार, हे मला ठाऊक होतं. मी म्हणाले, "कोपरा गळंल, अण्णा. अजून धा टोपल्या टाका."

कोपऱ्यात माती भरपूर होती. शिडीवरून मला दिसत होती.