दार काढलं आणि शोभा गेली

पनवेल

ती. स्व. दादांना,

अवधूतचा साष्टांग नमस्कार, वहिनींनाही सांगा. तुमचा गुडघा काय म्हणतो? तेल लावता, की बाटली नुसतीच खिडकीत ठेवली आहे? इकडची खुशाली म्हणाल तर मी, राखणीला दाराशी मांडलेली खुर्ची आणि घराला पडलेलं दाराएवढं भोक, तिघंही बरे आहोत. फोन करून पाहिला, पण तुमचा फोन तुमची धाकटी बहीण उचलते आणि माझा आवाज ऐकून "राँग नंबर" म्हणते. (इतक्या वर्षांच्या संसारानंतर!) म्हणून हे पत्र. एकटे असताना वाचा.

शोभा रुसून तुमच्याकडे पेणला आली ती दारापायी, एवढं तुम्हाला कळलं असेलच. आता माझी बाजू ऐका. आमचं पुढचं दार सागवानी. ऊन-पावसानं हिरव्या ऑइलपेंटचे पापुद्रे सुटलेले, खालचं लाकूड राखाडी पडलेलं, आणि न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरांची धूळ भेगाभेगांत जाऊन बसलेली. शोभाचं म्हणणं एकच, गणपतीआधी पुन्हा हिरवा रंग मारा आणि मोकळे व्हा. हिरवाच, कारण लग्न होऊन ती आली तेव्हा दार हिरवं होतं. पण माझी बुद्धी फिरली होती. मोबाइलवर कुणा परदेशी माणसाला दार घासताना पाहिलं. मेला हसत हसत घासत होता. (त्याच्याकडची हवा कोरडी असते, हे त्या लबाडानं सांगितलं नाही.) म्हटलं, अस्सल सागवान रंगाखाली झाकायचं म्हणजे पाप! सगळं खरवडू, लाखेचं पॉलिश चढवू, लाकडाच्या रेषा अशा उठतील की येणारा बेल वाजवायची विसरेल.

गणपती आले, गेले, दार आपलं हॉलमध्ये दोन स्टुलांवर आडवंच. पाहुण्यांनी त्याच्यावरच प्रसादाचे द्रोण ठेवले. खरवडावं तर हिरव्याखाली निळा, निळ्याखाली चॉकलेटी. आमच्या वडिलांनी दर निवडणुकीला रंग बदलला होता की काय कोण जाणे. भुसा पोह्यांत, भुसा तुळशीवर, भुसा शोभाच्या चष्म्यावर. त्यात बिनदाराच्या घरात वाट्टेल तो शिरतो. एक गृहस्थ दवाखाना समजून आत येऊन बसले आणि "डॉक्टर कधी येतात?" म्हणून माझ्यावरच खेकसले. (शोभानं त्यांना चहा दिला. मला दिला नाही.)

शेवटी पॉलिश चढवलं. सकाळी उठून बघतो तर सगळं दार पांढरं फटक, भस्म फासल्यासारखं! हार्डवेअरवाल्या अब्दुलभाईंकडे धावलो. ते म्हणाले, "अवधूतराव, खुदा के वास्ते, या दमट हवेत कुणी लाखेचं पॉलिश करतं काय?" अहो, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? (त्यांचं म्हणणं, सांगितलं होतं. शोभाचंही तेच म्हणणं.)

आता पेच बघा. "माझा नवरा मला न्यायला आला तरच जाईन," असं ती तुमच्याकडे म्हणते म्हणे. रास्त आहे, रीतच आहे ती. पण घर उघडं टाकून मी येऊ कसा? आणि दार एकट्याला बिजागऱ्यांवर बसवता येत नाही, धरायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस पेणला! तेव्हा दादा, या खेपेला तिला आपणहून पाठवा. तुमचं ती ऐकते. तिच्यावाचून मला करमत नाही, हे मात्र सांगू नका, डोक्यावर बसेल.

तुमचा,
अवधूत

ता. क. दार परवाच बसलं. अब्दुलभाईंनी धरलं, मी स्क्रू पिळले. भोकाचं, खुर्चीचं जे वर लिहिलंय ते परवापर्यंत खरं होतं. यायला मी धजत नाही ते वेगळ्याच कारणानं, आणि ते शोभानं अजून तुम्हाला सांगितलं नसेल तर तिचे उपकार. पांढरं पडलेलं पॉलिश पुसून पुन्हा चढवायला जुनं, मऊ सुती कापड लागतं, खूप धुतलेलं. घरातलं सगळ्यांत मऊ कापड मला तिच्या कपाटात सापडलं, त्यातलं हातभर मी फाडून घेतलं. ते सासूबाईंचं लुगडं होतं, तिनं गोधडीसाठी जपलेलं. तुमच्या आईचं लुगडं, दादा. मला खरंच ठाऊक नव्हतं हो. ती ओरडलीसुद्धा नाही. माझ्या हातातला बरबटलेला तुकडा घेतला, त्याची घडी केली आणि बॅग भरायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ता. क. २. वहिनींच्या पेटीत आईंचं आणखी एक लुगडं आहे असं ऐकून आहे. त्यातलं हातभर मिळेल का? गोधडी पुरी होईल. मागायला मी रविवारी येतो. दारातच उभा राहीन, आत बोलवायचं की नाही ते शोभा ठरवेल.

ता. क. ३. तिला एवढंच सांगा. सगळं दार पांढरं पडलं, पण मधला एक चौकोन लख्ख निघालाय, आईंच्या लुगड्यानं पुसलेला. बाकीचं दार आजपासून हिरवं रंगवायला घेतलंय, तेवढा चौकोन सोडून.